घर आमचं, पट्टा दुसऱ्याच्या नावावर

नवी मुंबईत घर असलेल्या माणसाला एक धसका कायमचा असतो, तो जमिनीच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, जो हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने दिलेला असतो. "पट्टा संपला की सिडको घर काढून घेते का हो?" हे मला शेजारणीपासून बँकेतल्या बाईंपर्यंत अनेकांनी विचारलंय. मी काही वकील नाही. आईचं नेरूळचं घर तिच्या नावावर करून घेताना जी धावपळ झाली, तेवढ्या भांडवलावर सांगते. वर्षं किती उरलीत हे नंतर बघा, पट्टा कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. मुदत वाढवून घ्यायची असो, घर विकायचं असो, की इमारत पाडून नवी बांधायची असो, सही चालते ती सिडकोच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याची. आमच्या घरापुढे तिथे जे नाव होतं, त्या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

थोडं मागचं सांगायला हवं. सिडको स्थापन झाली १९७० साली. नवं शहर वसवायला शासनाने ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादित केली आणि ती सिडकोकडे आली. सिडकोने ती पुढे कुणालाही विकून टाकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. बिल्डरला दिलेला भूखंड असो किंवा सिडकोने स्वतः बांधलेली छोटी घरं असोत, खालची जमीन पट्ट्याचीच. ज्यांची शेतं गेली त्या गावकऱ्यांना साडेबारा टक्के योजनेत परत मिळालेले भूखंडसुद्धा पट्ट्यानेच मिळाले, ही गोष्ट मला अजूनही विचित्र वाटते. असो. आमच्या घराचा मूळ करारनामा १९८४ चा. ६० वर्षं धरली तर २०४४.

बाबा २०१९ मध्ये गेले. त्यानंतर आम्ही सोसायटीत अर्ज दिला, भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईचं नाव चढलं, वीजबिल तिच्या नावावर झालं. दादा पुण्याला, मी ऐरोलीला, आई नेरूळच्या त्याच घरात. सगळं झालं अशाच समजुतीत आम्ही होतो. मग इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला. जिन्यातल्या स्लॅबचे पापुद्रे पडत होतेच, दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा आपलं नाव त्यात आहे का, हे सगळे धास्तीने बघत. कमिटीने प्रत्येकाकडून माहितीचा फॉर्म भरून मागवला. त्यात एक रकाना होता: 'सिडकोच्या अभिलेखातील नाव'. आईने मला फोन करून विचारलं, "इथे बाबांचं लिहू की माझं?"

मी शनिवारी नेरूळला गेले आणि कपाटातली बाबांची फाईल काढली. बाबा कागदाच्या बाबतीत काटेकोर. वाटपपत्राची झेरॉक्स, ताबा पावती, हप्त्यांच्या पावत्या, महापालिका झाल्यापासूनची मालमत्ता कराची सगळी बिलं, वर्षाप्रमाणे टाचणी लावून. आणि सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, १९८९ चं मुखत्यारपत्र, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नी. पिवळट स्टॅम्पपेपर, कार्बनचा फराटा उमटलेला टंकलेखी मजकूर, नोटरीचा लाल गोल शिक्का आणि सोबत पूर्ण रक्कम रोख मिळाल्याची पावती, तिच्यावर रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावर सही. खरेदीखत कुठेच नव्हतं. म्हणजे घर 'पॉवरवर' घेतलेलं होतं. वाटपपत्र, करारनामा, सगळं मूळ मालकाच्या नावाने. बाबांचं नाव सिडकोपर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

यात बाबांनी काही जगावेगळं केलं होतं असं नाही. त्या काळात नव्या मुंबईत अर्धे व्यवहार असेच होत. वाशीला लोकल आली १९९२ साली. त्याआधी खाडीपूल ओलांडून बसने जायचं, संध्याकाळी परत यायचं. सिडकोची घरं सोडतीत लागलेले कितीतरी लोक इथे राहायला आलेच नाहीत. त्यांना घर काढून टाकायचं होतं, आमच्यासारख्यांना मुंबईतल्या भाड्याच्या खोलीतून सुटायचं होतं. रीतसर हस्तांतरण म्हणजे सिडकोची परवानगी, हस्तांतरण शुल्क, मुद्रांक शुल्क. त्याऐवजी मुखत्यारपत्र करायचं, पैसे मोजायचे, किल्ली घ्यायची. 'नंतर करू नावावर' हे दोन्ही बाजूंनी ठरलेलं. ते नंतर कधी उजाडत नाही.

खात्री करायला सिडको भवनात गेले. बेलापूर स्टेशनवरून चालत जाण्यासारखं आहे. खिडकीवर सांगितलं की आधी माहिती अधिकारात संचिकेची प्रत मागवा, म्हणजे काय आहे आणि काय नाही ते कळेल. सल्ला अगदी योग्य होता. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, पानाला २ रुपये, आणि मुदतीत प्रती हातात आल्या. आपल्या घराची सरकारी फाईल एकदा तरी अशी काढून वाचावी. आमच्या फाईलीत मूळ मालकाचा अर्ज होता, त्यांचा तेव्हाचा परळचा पत्ता होता, नोकरीचा दाखला होता, शेवटचा हप्ता भरल्याची नोंद होती. त्यानंतर काहीही नाही. १९८९ नंतर आमच्या घरात दोन लग्नं झाली, बाबा गेले, स्वयंपाकघराचा ओटा दोनदा बदलला. फाईलीला त्यातलं काही माहीत नव्हतं.

एक एजंट भेटला, भेटतातच. 'मूळ मालकाला उभं करायची गरज नाही, मी बघतो' म्हणाला. कसं बघणार हे विचारल्यावर हसला. त्याच्यापासून उठून मी वाशीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी मुखत्यारपत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "हे गृहस्थ आहेत का?" मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "नसतील, तर हा कागद त्यांच्याबरोबरच गेला." मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे मुखत्याराचा अधिकार संपतो. आणि तो असला तरी निव्वळ मुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलंय. मालकी जाते ती नोंदणी झालेल्या दस्ताने. सोसायटीचं भागपत्र, कराचं बिल, विजेचं बिल, आमच्या बाजूने तीस वर्षांचा ढीग होता, पण त्याने ताबा सिद्ध होतो, पट्टेदार कोण हे ठरत नाही.

म्हणजे त्या गृहस्थांना शोधणं आलं. परळच्या चाळीचा पुनर्विकास होऊन टॉवर झालेला. तिथल्या एका जुन्या रहिवाशाने सांगितलं की ते गावी गेले, कऱ्हाडच्या पुढे, आणि काही वर्षांपूर्वी वारले. गावाचं नाव मिळालं. पुढचं काम दादाने केलं. त्याच्या कारखान्यात त्या भागातला एक जण निघाला. महाराष्ट्रात माणूस शोधायला अजून तरी हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा.

आम्ही दोघं गेलो. आई म्हणाली मीही येते, पण तिचे गुडघे बघता तिला नेलं नाही. घरी त्या गृहस्थांच्या पत्नी, म्हणजे काकू होत्या, त्यांचा मुलगा होता, एसटीत वाहक. मुलगी इचलकरंजीला दिलेली. चहा झाला, ओळख झाली, दादाने कागद समोर ठेवले. मुलगा सावध झाला. होणारच. वडिलांच्या नावावर नव्या मुंबईत घर आहे, हे त्याला आमच्याकडून कळत होतं. तो म्हणाला, "आम्ही सही का करायची? सिडकोच्या कागदावर आमचंच नाव आहे ना?" दादाने पैसे दिल्याची पावती पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून बघितली. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "तुझ्या बापानं मोजून घेतलेत पैसे. दोनदा मोजलेत. त्यातनंच ही विहीर काढली." मुलगा गप्प झाला, पण पटलं होतं असं नाही.

त्याची दुसरी शंका मला तेव्हा किरकोळ वाटली, पण ती खरी होती. दस्तावर त्यांचे पॅन क्रमांक जाणार, आजच्या बाजारभावाने मूल्यांकन होणार, मग आयकर खात्याने विचारलं की एवढ्या लाखांचं घर विकलंत, कर कुठाय, तर? त्याने गावातल्या एका हिशेबनिसाला विचारून ठेवलं होतं. आम्ही परत आल्यावर वकीलबाईंना आणि एका सीएला सोबत बसवलं. व्यवहार, रक्कम आणि ताबा १९८९ लाच पूर्ण झाला, आता फक्त कागद पुरा करतोय, अशी कलमं दस्तात स्पष्ट घातली, आणि त्यांच्या विवरणपत्राचा खर्च आम्ही उचलायचं लिहून दिलं. शिवाय आम्ही त्यांना काही रक्कम दिली. सहीचे पैसे म्हणा. दादाला ते खटकलं, मला नाही. तीन माणसांनी कामं सोडून इतक्या लांब यायचं, कोर्टाच्या अर्जावर सह्या करायच्या, तेही ज्या घराचा त्यांना काडीचा उपयोग नाही त्यासाठी. नुसत्या सद्भावनेवर ते करा म्हणणं मला तरी जमलं नसतं.

पुढचा टप्पा वारस दाखल्याचा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. सक्सेशन सर्टिफिकेट हे येणी, ठेवी, शेअर्स यांच्यासाठी असतं. घरासाठी वारस कोण हे दाखवायला दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला लागतो, आणि तो मिळतो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. हो, १८२७. कंपनी सरकारच्या काळातला नियम २०२३ मध्ये नेरूळच्या वन रूम किचनला लावला गेला. अर्ज, मृत्यू दाखला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकत कुणाची नाही हे बघण्याची मुदत, मग अर्जदाराचं शपथेवर म्हणणं, मग दाखला. अवघड काही नाही, वेळ जातो. तारखेला काकूंचा मुलगा रजा टाकून येत होता. पहिल्या तारखेला तो जेमतेम बोलला. नंतर एकदा आमच्याकडे जेवायला थांबला आणि आईला म्हणाला, "हे घर आमचं असतं तर मी आज मुंबईत असतो." आईने त्याला आणखी एक पोळी वाढली. यावर दुसरं काय बोलणार?

दाखला मिळाल्यावर सिडकोकडे दोन गोष्टी करायच्या होत्या. मयत मूळ मालकाच्या जागी वारसांची नावं लावणं ही एक, आणि त्या वारसांकडून आईच्या नावे हस्तांतरणाची परवानगी ही दुसरी. हस्तांतरण शुल्क घराच्या क्षेत्रफळावर ठरतं, त्यामुळे लहान घराला ते तुलनेने कमी बसतं. सोबत सोसायटीचा ना हरकत दाखला, सेवाशुल्क आणि मालमत्ता कर थकीत नसल्याचे दाखले, फोटो, प्रतिज्ञापत्रं. बाबांच्या काटेकोरपणाचा इथे उपयोग झाला. एक जुनी पावती मागितली की पिशवीतून निघायचीच. मला वाटतं, सगळ्या प्रकरणात आमची खरी मिळकत ती फाईलच होती.

मग दस्त. लिहून देणार काकू, त्यांचा मुलगा आणि मुलगी. लिहून घेणार आई. बाबांचे वारस म्हणून दादा आणि मी मान्यता देणार. घर एकट्या आईच्या नावे घेण्यामागे भावनेइतकाच हिशेबही होता. महाराष्ट्रात निवासी घर फक्त महिलेच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. माझं नाव सोबत चाललं असतं, दादाचं घातलं असतं तर सवलत गेली असती. दादा म्हणाला, "मला काय करायचंय नाव?" आणि मीही बाहेर राहिले. शुल्क लागतं आजच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या दराने, १९८९ च्या किमतीवर नाही. बाबांनी जेवढ्याला घर घेतलं त्याच्या कितीतरी पट नुसतं मुद्रांक शुल्क झालं. नोंदणी फी १ टक्का, पण ती ३०,००० रुपयांच्या वर जात नाही, हाच काय तो दिलासा. तेव्हा वाचवलेले पैसे व्याजासकट इथे गेले.

दुय्यम निबंधकांकडे आमचा नंबर लागला तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती. फोटो झाले, अंगठे सुरू झाले. काकूंचा अंगठा काही केल्या यंत्र घेईना. शेतात आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. ऑपरेटर पोरगा चांगला होता. त्याने ओलं फडकं दिलं, बोट पुसायला लावलं, दुसरं बोट घेतलं, मग डाव्या हाताचं. काकू प्रत्येक वेळी यंत्राकडे वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "घेतलं का रं?" शेवटी एका बोटाने काम झालं. मागच्या रांगेतल्या बिल्डरच्या माणसानेसुद्धा हुश्श केलं.

सूची क्रमांक दोन, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा, हातात आल्यावर तिची प्रत सिडकोला दिली आणि काही काळाने अंतिम आदेश मिळाला. त्यावर आईचं पूर्ण नाव, घराचा क्रमांक, सेक्टर. तो दाखवून महापालिकेत कराच्या नोंदीत नाव बदललं. सोसायटीच्या भागपत्रावर आईचं नाव आधीच होतं, पण आता त्यामागे मूळ मालकापासून सलग साखळी आली. कमिटीच्या फॉर्ममधला तो रकाना आईने स्वतःच्या अक्षरात भरला.

आता मुदतीबद्दल. आईचं नाव लागलं म्हणून पट्ट्याची वर्षं वाढली नाहीत. उरलेली मुदत तीच, २०४४. ६० ची ९९ वर्षं करून घेण्याची आणि जमिनी फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीच्या करण्याची भाषा नवी मुंबईत गेली काही वर्षं चालू आहे. निवडणुका जवळ आल्या की तिला जोर चढतो. ते जेव्हा प्रत्यक्ष आमच्या दारात येईल तेव्हा येईल, आणि त्याचं शुल्क काय ते तेव्हा बघू. तोवर वर्षं उरण्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी जाणवतो. आमच्या मजल्यावरचं एक घर विकायला निघालं होतं. ग्राहकाच्या बँकेने आधी पट्ट्याची शिल्लक मोजली. कर्ज फिटल्यानंतरही पट्ट्यात काही वर्षं उरली पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. वीस वर्षांचं कर्ज मागणाऱ्याला त्यांनी कमी मुदतीचं दिलं, हप्ता वाढला, आणि ग्राहकाने तेवढी किंमत पाडून मागितली. म्हणजे धसका अगदीच खोटा नाही. पण त्या विकणाऱ्याचं नाव सिडकोकडे होतं, म्हणून बोलणी किमतीवर अडली. आमच्या बाबतीत ती बँकेच्या दारातच संपली असती.

सोसायटीत फॉर्म गोळा झाले तेव्हा आमच्यासारखी आणखी बरीच घरं निघाली. एकाचा मूळ मालक सापडला, पनवेललाच राहतो, धडधाकट आहे. त्याने थेट येऊन सही दिली, त्यांचं काम आमच्या मानाने झटपट झालं. तळमजल्यावरच्या मावशींना ज्यांनी घर दिलं त्यांची मुलं परदेशात आहेत. त्यांच्यासाठी वकिलातीतून साक्षांकित कागद आणण्याचा विषय चाललाय. पुनर्विकासाला २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती आमच्याकडे डोकी मोजली तर आहे. पण ज्याचं नाव सिडकोकडे नाही त्याची संमती उद्या कुणी आव्हान दिलं तर किती टिकेल, यावर कमिटीत रोज वाद. बिल्डर म्हणतो तुमचं तुम्ही निस्तरा, मग मी सही करतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

आमच्या घरापुरतं एकच राहिलंय. आईने सोसायटीत नामनिर्देशन केलंय, माझं आणि दादाचं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारस ठरेपर्यंत सांभाळणारा, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणून मृत्युपत्र करायचं ठरलं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी वकीलबाई म्हणाल्या नोंदवून टाका. मसुदा तयार आहे. आईने तो दोनदा वाचून त्यात एक दुरुस्ती सुचवलीय: घर दोघांना निम्मं निम्मं, पण पितळी भांडी सगळी मला. दादा गणपतीला येतोय, तेव्हा सही करायला जाऊ.